फ्रुक्टोज क्षपणक का ठरते? एका जुन्या प्रश्नाचा आढावा

बारावीच्या रसायनशास्त्रात काही महिन्यांच्या अंतराने दोन विधाने शिकवली जातात. कार्बोनिल संयुगांच्या प्रकरणात सांगतात, की फेहलिंगचे द्रावण आणि टॉलेन्सचा अभिकर्मक यांच्याशी अल्डिहाइडची अभिक्रिया होते, कीटोनची होत नाही. दोन्ही गट ओळखायची खूण तीच. पुढे जैवरेणूंच्या प्रकरणात येते, की सर्व मोनोसॅकराइड, मग ती अल्डोज असोत वा कीटोज, रिड्युसिंग शुगर म्हणजे क्षपणक शर्करा आहेत. फ्रुक्टोज हे कीटोन गट असलेले मोनोसॅकराइड. मग ते फेहलिंगच्या निळ्या द्रावणात तांब्याचा विटकरी साका कसा पाडते? भिवंडीतल्या कुठल्याही ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा साका डोळ्यांना दिसतो. त्याचे कारण विचारले, की बहुतेक ठिकाणी एका वाक्याचे उत्तर मिळते: अल्कधर्मी द्रावणात फ्रुक्टोजचे ग्लुकोज होते.

हे उत्तर खोटे नाही. पण गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नावर जे काम झाले, त्याचा फार थोडा भाग त्यात येतो. म्हणून या प्रश्नाची आजची स्थिती एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी

साखर ओळखण्यासाठी मोरचूद वापरण्याची पद्धत १८४१ मध्ये कार्ल ट्रॉमर यांनी मांडली. मोरचूद आणि अल्कली यांच्या मिश्रणाने द्राक्षशर्करा आणि उसाची साखर वेगळ्या ओळखता येतात, हे त्यांना दिसले. हेर्मान फॉन फेहलिंग यांनी १८४९ मध्ये त्यात टार्ट्रेट घालून तांबे द्रावणात टिकवले आणि चाचणीला मोजमापाचे साधन बनवले. टॉलेन्स यांचे अमोनियायुक्त चांदीचे द्रावण १८८० च्या दशकातले. बेनेडिक्ट यांचे सायट्रेट आणि कार्बोनेटचे सौम्य द्रावण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आले आणि पुढे अनेक दशके मधुमेहींच्या लघवीच्या तपासणीत वापरले गेले.

यांतल्या पहिल्या चाचण्या रुळल्या तेव्हा साखरेच्या रेणूची रचना कोणालाच माहीत नव्हती. उसाच्या साखरेचे विघटन झाल्यावर दोन वेगळ्या शर्करा मिळतात, हे द्युब्रुंफो यांनी १८४७ मध्ये दाखवले होते. त्यांतली एक फ्रुक्टोज. तिच्यात कार्बोनिल गट टोकाला नसून दुसऱ्या कार्बनवर आहे, म्हणजे ती कीटोन आहे, हे किलियानी यांनी १८८० च्या दशकात सिद्ध केले. म्हणजे फ्रुक्टोज तांब्याचे क्षपण करते हे रसायनशास्त्रज्ञांना आधी कळले आणि ते कीटोन आहे हे नंतर. प्रश्न उभा राहिला तो या क्रमातून.

एमिल फिशर यांच्या ओसाझोनच्या कामाने त्याला वेगळी दिशा दिली. ग्लुकोज, मॅनोज आणि फ्रुक्टोज या तिघांनाही फिनाइलहायड्राझिनबरोबर तापवले, की एकच ओसाझोन मिळते. तिसऱ्यापासून सहाव्या कार्बनपर्यंत तिघांची घडण सारखी आहे. फरक पहिल्या दोन कार्बनांपुरता. त्यामुळे उत्तर शोधायचे ते याच दोन कार्बनांच्या जोडीत, हे ठरून गेले.

पहिली भूमिका: आधी ग्लुकोज, मग क्षपण

लोब्री द ब्रुइन आणि आल्बेर्डा फान एकेनस्टाइन या दोन डच संशोधकांनी १८९५ मध्ये दाखवले, की सौम्य अल्कलीत ठेवलेले ग्लुकोज तसेच राहत नाही. काही काळाने त्या द्रावणात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि थोडे मॅनोज अशा तीन शर्करा सापडतात. फ्रुक्टोजपासून सुरुवात केली तरी शेवटी हेच मिश्रण मिळते. या बदलाचा मार्ग व्होल आणि नॉयबेर्ग यांनी १९०० मध्ये सुचवला: मधली अवस्था ईनडायॉलची. तिच्यात पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो आणि दोघांवरही हायड्रॉक्सिल गट असतो. या अवस्थेतून रेणू एका बाजूला वळला तर अल्डिहाइड होतो, दुसऱ्या बाजूला वळला तर कीटोन.

पाठ्यपुस्तकी उत्तर इथूनच आले. फेहलिंग, बेनेडिक्ट आणि टॉलेन्स ही तिन्ही द्रावणे अल्कधर्मी आहेत. त्यांत फ्रुक्टोजचा काही भाग ग्लुकोज आणि मॅनोज होतो, त्यांचा अल्डिहाइड गट तांब्याला किंवा चांदीला इलेक्ट्रॉन देतो, तो खर्च झाला की समतोल पुन्हा त्या दिशेने सरकतो, आणि असे करत सगळे फ्रुक्टोज संपते. या मांडणीत अल्डिहाइड आणि कीटोन यांच्यातला शाळेत शिकवलेला भेद अबाधित राहतो. शिकवायला ती सोपी आहे आणि तिच्यातली प्रत्येक पायरी प्रयोगाने स्वतंत्रपणे दाखवता येते.

दुसरी भूमिका: ईनडायॉल स्वतःच क्षपणक

दुसऱ्या गटाचे म्हणणे असे, की ईनडायॉल तयार झाल्यावर त्याचे पुढे अल्डिहाइड होण्याची वाट पाहावी लागत नाही. ईनडायॉल, आणि त्याहूनही अल्कलीतला त्याचा ऋणभारित आयन, स्वतःच तत्परतेने इलेक्ट्रॉन सोडतो. क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, हाही एक ईनडायॉल आहे. त्यात अल्डिहाइड गट नाही, तरी ते फेहलिंगच्या द्रावणातल्या तांब्याचे क्षपण करते. या मार्गाने फ्रुक्टोजपासून आधी मिळते ते ग्लुकोसोन: लागोपाठच्या दोन कार्बनांवर दोन कार्बोनिल गट असलेले संयुग. तांब्याच्या ॲसिटेटने फ्रुक्टोजचे ग्लुकोसोन करता येते, हे प्रयोगशाळेत जुनेच माहीत आहे.

या भूमिकेच्या बाजूने तीन पुरावे आहेत. माझ्या मते त्यांचे वजन मोठे आहे, म्हणून जरा सविस्तर पाहू.

पहिला पुरावा साखरेबाहेरचा आहे. ॲसिटोन हे साधे कीटोन फेहलिंगच्या द्रावणाला दाद देत नाही. पण ॲसिटोइन आणि बेंझॉइन देतात. ही दोन्ही कीटोनच आहेत, फक्त कीटोन गटाला लागून असलेल्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट आहे. फ्रुक्टोजमध्येही नेमकी हीच मांडणी आहे. आता ॲसिटोइनच्या त्या दोन कार्बनांना पलीकडे मिथाइल गट आहेत, बेंझॉइनच्या कार्बनांना फिनाइल गट. साखळीचे टोक तिथे नाहीच, म्हणून ईनडायॉल कुठल्याही बाजूला वळला तरी अल्डिहाइड तयार होऊ शकत नाही. तरीही क्षपण होते आणि बेंझॉइनचे बेंझिल मिळते. म्हणजे या चाचण्यांना अल्डिहाइड अनिवार्य नाही.

दुसरा पुरावा वेगाचा. साखर उद्योगाच्या प्रयोगशाळांत ग्लुकोजच्या सोबतीत असलेले फ्रुक्टोज मोजण्यासाठी नीन्स यांची एक पद्धत होती. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये जॅक्सन आणि मॅथ्यूज यांनी ती सुधारली. तांब्याचे कार्बोनेटयुक्त द्रावण उकळवायचे नाही, ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास सव्वा तास ठेवायचे. या तापमानाला फ्रुक्टोज तांब्याचे भरपूर क्षपण करते आणि ग्लुकोज त्याच्या कितीतरी पट कमी. फ्रुक्टोजला आधी ग्लुकोज व्हावे लागत असते, तर ते ग्लुकोजला मागे टाकू शकले नसते. यामागचे कारणही कळलेले आहे. पाण्यात दोन्ही शर्करा बहुतांशी वलयाच्या रूपात असतात. सामान्य तापमानाला ग्लुकोजचे उघड्या साखळीचे रूप ०.००२ टक्क्यांच्या आसपास, तर फ्रुक्टोजचे अर्ध्या टक्क्याहून जास्त. ईनडायॉलकडे जाणारी वाट उघड्या साखळीतून जाते आणि फ्रुक्टोजसाठी ती जास्त मोकळी आहे.

पहिल्या भूमिकेचे समर्थक याला उत्तर देतात आणि ते उत्तर विचारात घेण्याजोगे आहे. ते म्हणतात, ईनडायॉलमधून नुकताच बाहेर पडलेला अल्डिहाइड उघड्या साखळीचाच असतो. तो वलयात बंद होण्याआधीच तांब्याने गाठला तर फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा वेगवान दिसेलच.

इथे तिसरा पुरावा उपयोगी पडतो. १९५० च्या आणि ६० च्या दशकांत अलाहाबाद आणि ऑक्सफर्ड येथील रसायनशास्त्रज्ञांनी अल्कधर्मी तांब्याने होणाऱ्या या ऑक्सिडीकरणाचा वेग मोजला. साखरेचे किंवा अल्कलीचे प्रमाण वाढवले की वेग वाढतो, पण तांबे वाढवून वेग बदलत नाही, असे त्यांना अनेक परिस्थितींत आढळले. याचा अर्थ, संथ पायरी तांबे हजर होण्याच्या आधीची, म्हणजे ईनडायॉल तयार होण्याची; एकदा तो झाला की तांबे त्याला लगेच गाठते. ईनडायॉलला मागे फिरून कीटोन किंवा पुढे जाऊन अल्डिहाइड होण्याइतका अवधी मिळत असता, तर त्या चढाओढीत तांब्याच्या प्रमाणाचा परिणाम वेगावर दिसायला हवा होता.

तिसरी भूमिका: रेणू तुटतो, तुकडेही क्षपण करतात

वरच्या दोन्ही भूमिकांत एक गृहीत समान आहे: साखरेच्या एका रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन, म्हणजे तांब्याचे दोन आयन. अल्डिहाइडचे आम्ल व्हायला दोन इलेक्ट्रॉन जातात, फ्रुक्टोजचे ग्लुकोसोन व्हायलाही दोनच. प्रत्यक्षातला हिशेब करून पाहू. लेन आणि आयनन यांच्या १९२३ च्या अनुमापन पद्धतीत १० मिलिलिटर फेहलिंग द्रावण संपवायला साधारण ५० मिलिग्रॅम ग्लुकोज लागते. त्या १० मिलिलिटरमध्ये सुमारे ०.३४६ ग्रॅम मोरचूद असते. रेणूंच्या संख्येत रूपांतर केले, तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे तांब्याचे जवळपास पाच आयन खर्च होतात. फ्रुक्टोज किंचित जास्त, ५२ मिलिग्रॅमच्या आसपास लागते. तिथेही आकडा पाचाच्या जवळ जातो.

दोन अपेक्षित आणि पाच प्रत्यक्ष, ही तफावत चुकीत मोडणारी नाही. उकळत्या अल्कलीत साखरेची साखळी तुटते, ग्लायकोलाल्डिहाइड आणि ग्लिसराल्डिहाइडसारखे छोटे तुकडे होतात आणि तेही क्षपणक असतात. ग्लुकोसोनसुद्धा तिथे थांबत नाही, त्याचे आणखी ऑक्सिडीकरण होते. म्हणून अभिक्रियेनंतर द्रावणात एकच आम्ल न मिळता अनेक लहानमोठी आम्ले मिळतात. जॉन युलरिक नेफ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या मिश्रणांचा चिकाटीने अभ्यास केला. ग्लुकोजपासून फक्त ग्लुकॉनिक आम्ल तयार होते, असे जे समीकरण आपण फळ्यावर लिहितो, ते या चाचणीचे खरे वर्णन नाही. ही भूमिका पहिल्या दोघींच्या विरोधात जात नाही. सुरुवात कशी होते ते त्या दोघी सांगतात. पुढे काय होते ते ही सांगते.

आम्लातल्या चाचण्या

आतापर्यंतची सगळी चर्चा अल्कलीत घडणारी होती. आम्लधर्मी द्रावणातल्या चाचण्या पाहिल्या, की चित्र थोडे विस्कटते.

ब्रोमीनचे पाणी ग्लुकोजचे ग्लुकॉनिक आम्ल करते, फ्रुक्टोजला जवळजवळ हात लावत नाही. म्हणून अल्डोज आणि कीटोज ओळखण्यासाठी ते वापरतात. याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे, की आम्लात फ्रुक्टोजचे ग्लुकोज होत नाही. पण बार्फोड यांची चाचणीही (तांब्याचे ॲसिटेट आणि ॲसेटिक आम्ल) सौम्य आम्लधर्मीच आहे आणि तिला फ्रुक्टोज काही मिनिटांत प्रतिसाद देते. दोन्हीकडे आम्ल असूनही निकाल उलटे का?

ब्रोमीनची अभिक्रिया मुळात वेगळ्या ठिकाणी होते. इस्बेल यांच्या प्रयोगांतून कळले, की ब्रोमीन उघड्या साखळीतल्या अल्डिहाइडची वाट पाहत नाही, ते थेट वलयातल्या ग्लुकोजवर काम करते. बीटा रूपावर अल्फापेक्षा कितीतरी वेगाने. तिथे पहिल्या कार्बनवरचा हायड्रोजन काढला जातो. फ्रुक्टोजच्या वलयात त्या जागच्या कार्बनवर हायड्रोजनच नाही. तांबे मात्र मागणी करते ती शेजारच्या हायड्रॉक्सिल गटाची, आणि ती फ्रुक्टोज पूर्ण करते.

अल्कधर्मी आयोडीनची पद्धत (विलश्टेटर आणि शूडेल, १९१८) इथे आणखी एक तपशील जोडते. सामान्य तापमानाला ती ग्लुकोज पूर्ण मोजते आणि फ्रुक्टोज बहुतेक तसेच सोडते, तेही अल्कलीत. म्हणजे थंड द्रावणात ईनडायॉलकडे जाण्याचा वेग फार कमी असतो. दोन्ही भूमिकांना तो सारखाच लागू आहे, त्यामुळे यावरून कोणा एकीचा विजय ठरत नाही. एवढे मात्र नक्की, की अल्कली आली म्हणजे ग्लुकोज झालेच, असे सरसकट म्हणता येत नाही.

सुक्रोजबद्दल वाद नाही. त्यात फ्रुक्टोज आहे, पण त्याचा दुसरा कार्बन ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनशी बांधलेला असल्याने साखळी उघडतच नाही आणि चाचणी नकारात्मक येते. बद्धकोष्ठावर देतात त्या लॅक्टुलोजमध्ये फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन मोकळा आहे, म्हणून ते क्षपणक आहे.

प्रयोगशाळेबाहेर

भिवंडी हे यंत्रमागाचे शहर. इथून बरेचसे कापड ग्रे स्थितीत बाहेर पडते आणि रंगाई पुढच्या टप्प्यावर होते. व्हॅट रंगांची रंगाई ही मुळात क्षपणाचीच क्रिया आहे: नीळ पाण्यात विरघळत नाही, तिचे क्षपण करून विरघळणारे रूप करायचे, धाग्यात मुरवायचे आणि हवेत पुन्हा मूळ रूपात आणायचे. कारखान्यात यासाठी सोडियम हायड्रोसल्फाइट वापरतात, ज्याला रंगाईवाले हायड्रो म्हणतात. त्यातून सांडपाण्यात सल्फेट आणि सल्फाइट जातात. पर्याय म्हणून ज्या संयुगांचा अभ्यास झाला, त्यांत हायड्रॉक्सिॲसिटोन आहे: तीन कार्बनांचे, कीटोन गटाशेजारी हायड्रॉक्सिल गट असलेले. नैसर्गिक निळीने काम करणारे कारागीर चुना आणि फ्रुक्टोज यांची कोमट टाकी लावतात, त्यामागचे रसायनही हेच. तिथे तांबे नाही, चांदी नाही, तरी ईनडायॉलचे इलेक्ट्रॉन निळीकडे जातात. कापडाच्या गावात हा धडा शिकवताना ही टाकी हाताशी असलेले उदाहरण आहे.

महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत पोल आणि ब्रिक्सबरोबर आर. एस., म्हणजे रिड्युसिंग शुगरचा आकडा काढतात. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की सुक्रोजचे विघटन होते आणि हा आकडा चढतो. विघटनातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सारख्या संख्येने मिळतात. फ्रुक्टोजने तांब्याचे क्षपण केले नसते, तर निम्मे नुकसान मोजणीत दिसलेच नसते.

मधात फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा सहसा जास्त असते. भारतीय मानकात या दोघांच्या प्रमाणालाही मर्यादा आहे: ०.९५ ते १.५०. फेहलिंगची चाचणी हे प्रमाण सांगू शकत नाही, कारण तिला दोन्ही जवळजवळ सारखीच. म्हणून मधातली भेसळ तिच्या भरवशावर पकडता येत नाही.

वैद्यकात याच गुणाने गोंधळ झाला आहे. फ्रुक्टोकायनेज या विकराच्या जन्मजात अभावामुळे काही जणांच्या लघवीत फ्रुक्टोज उतरते. हा दोष निरुपद्रवी आहे, पण बेनेडिक्टची चाचणी सकारात्मक येई आणि माणूस मधुमेही समजला जाण्याची शक्यता असे. ग्लुकोज ऑक्सिडेजवर चालणारी आजची पट्टी फ्रुक्टोजला प्रतिसाद देत नाही. दुसरीकडे, रक्तातल्या फ्रुक्टोसामाइनची तपासणी याच रसायनावर उभी आहे: प्रथिनाला जडलेल्या साखरेत कीटोन गटाशेजारी नायट्रोजन असतो आणि अल्कलीत ते संयुग एका रंजकाचे क्षपण करते.

अजून न सुटलेले

हायड्रोजन एका कार्बनवरून दुसऱ्यावर कसा जातो, यावर एकच उत्तर लागू होत नाही. ईनडायॉलच्या मार्गात तो पाण्यात जातो आणि पाण्यातला दुसरा येतो. पण ग्लुकोजचे फ्रुक्टोज करणाऱ्या झायलोज आयसोमरेज या विकरात तो थेट शेजारच्या कार्बनवर सरकतो, आणि २०१० मध्ये कॅल्टेकच्या संशोधकांनी कथिलयुक्त झिओलाइटमध्येही तेच दाखवले. साध्या अल्कलीत मुख्य वाट ईनडायॉलची. पण थेट सरकण्याचा वाटा कोणत्या परिस्थितीत किती, याचे सर्वमान्य उत्तर नाही.

तयार झालेला तांब्याचा ऑक्साइड अभिक्रियेला स्वतःच गती देतो, असे दिसले आहे. त्यामुळे वेगाची साधी समीकरणे प्रयोगाच्या उत्तरार्धात टिकत नाहीत. टॉलेन्सच्या नळीत काचेवर बसलेली चांदीही असेच करते. आणि उकळत्या फेहलिंगमध्ये फ्रुक्टोजच्या एकूण क्षपणापैकी किती ईनडायॉलकडून, किती अल्डोजकडून, किती तुकड्यांकडून, याची वाटणी अल्कली, तापमान आणि वेळ यांनुसार बदलते. म्हणूनच लेन-आयननच्या पद्धतीत उकळण्याची मिनिटे ठरवून दिलेली असतात आणि हिशेबासाठी समीकरणाऐवजी तक्ते वापरावे लागतात.

माझा कौल दुसऱ्या भूमिकेकडे आहे, तिसरीची जोड देऊन. फ्रुक्टोज क्षपणक आहे ते कीटोन गटाला लागून हायड्रॉक्सिल गट असल्यामुळे आणि साखळी उघडू शकत असल्यामुळे. ग्लुकोज होणे ही त्याच ईनडायॉलची बाजूची वाट आहे. भिवंडीतल्या आणि इतरत्रच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती. प्रात्यक्षिकाच्या दिवशी फ्रुक्टोजच्या नळीशेजारी आणखी दोन नळ्या ठेवाव्यात, एकीत ॲसिटोन आणि दुसरीत थोड्या अल्कोहोलात विरघळवलेले बेंझॉइन, आणि तिन्हींत फेहलिंगचे द्रावण घालून कोमट पाण्यात धराव्यात. आणि एखाद्या विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत ग्लुकोजचा उल्लेख न करता शेजारच्या हायड्रॉक्सिल गटापासून उत्तर बांधले असेल, तर तिला पूर्ण गुण द्यावेत.